ही कुणाला हसली?

"ही कुणाला हसली?" आईनं विचारलं.

महशीचा घास तोंडाकडे नेता नेता शवकतचा हात मधेच थांबला. शुक्रवारची दुपार होती. कैरोच्या शुब्रा भागातल्या आईच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, टेबलावर हात टेकायला जागा नव्हती. मधोमध भाजलेलं बदक, मुलूखियाच्या हिरव्यागार पालेभाजीचं वाडगं, कोबीच्या पानांत भात भरून वळलेली महशी, लोणच्याच्या बशा. सगळा थाट त्याच्यासाठी. बहिणीनं, सुहैरनं, त्याला मिळालेलं काचेचं सन्मानचिन्ह वारलेल्या बाबांच्या फोटोशेजारी मांडून ठेवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, म्हणजे समोरच्या घरातल्या लबीबकाकांना, ती त्याला हात लावू देत नव्हती. बोटं उमटतात म्हणे. सन्मान साधासुधा नव्हता. सित्त अदीलाची, म्हणजे अदीलाबाईंची, ती मैफल, जिच्यावर मोरोक्कोपासून बगदादपर्यंत माणसं जीव टाकतात, जिची रेडिओच्या तळघरातली फीत बुरशी लागून शेवटचे श्वास मोजत होती, ती शवकतनं वाचवली होती. वर्षभर कानाला हेडफोन लावून त्यानं तिच्यातली खरखर, खोकले, खुर्च्यांची करकर, सगळं वेचून काढलं होतं, आणि जुन्या गाण्यांना नवं आयुष्य देणाऱ्या जगभरच्या माणसांतून परदेशातल्या पंचांनी त्याला पहिला निवडला होता. वर्तमानपत्रात फोटो आला. रेडिओनं जाहीर केलं की यापुढे लावायची ती हीच प्रत. आणि आता सुहैरच्या नव्या स्पीकरमधून सित्त अदीला गात होती, "विसरलो म्हणालास, मग नाव कुणाचं घेतलंस?", आणि ओळ संपल्यावर एक स्वच्छ, धुतलेली शांतता आली, आणि त्या शांततेत ती खुदकन हसली. मग पुन्हा तीच ओळ, वेगळ्या वळणानं. ते हसू शवकतनं कितीतरी वेळा ऐकलं होतं, यंत्रावर ताणून, उलगडून बघितलं होतं. पण आता आईनं विचारलं. एक बाई रिकाम्या खोलीत हसली होती, आणि हे त्याला आत्ता पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

"लोकांचा गोंगाट काढून टाकलाय आई," तो म्हणाला. "आता नुसता तिचा आवाज. त्यालाच तर बक्षीस मिळालं."

"ते कळलं रे. पण मग ती हसली कुणाला?"

"हाज्जा, स्वतःशीच हसली असेल," लबीबकाका बदकाचा पाय सोलत म्हणाले. "मोठी माणसं हसतात अशी. पण काय आवाज काढलाय आपल्या इंजिनियरसाहेबांनी! सित्त अदीला माझ्या ताटाशी येऊन गातेय असं वाटतंय."

"स्वतःशी हसायला ती काय वेडी होती?" आईनं चमचा खाली ठेवला. तिनं लबीबकाकांकडे बघितलंसुद्धा नाही. ती शवकतकडे बघत होती, रागानं नाही, ओरडून नाही. बाजारातून आलेल्या पोराच्या पिशवीत नेमकी सांगितलेली वस्तू नसावी आणि आईनं पिशवीत परत एकदा हात घालावा, तसं. "आणि तुझे बाबा? बाबांना कुठे घालवलंस, शवकत?"

आता या घराबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे कैरोत ऐकणारा ओरडल्याशिवाय गाणारा गात नाही. गाणारी ओळ टाकते आणि थांबते, ऐकणारा कळवळून दाद देतो, त्या दादेच्या खांद्यावर पाय देऊन ती पुढची पायरी चढते. त्या रात्री सित्त अदीलानं ही ओळ टाकली आणि गच्च भरलेल्या नाट्यगृहातून एक माणूस ओरडला, "अल्लाह! पुन्हा, सित्त, पुन्हा!" काय ओरडला म्हणता! काळीज देठापासून तुटावं असा ओरडला. ती गायची थांबली, हसली, आणि त्या माणसासाठी तिनं ती ओळ पुन्हा म्हटली. मग पुन्हा, मग पुन्हा, दर वेळी निराळी, कधी टोमणा मारून, कधी रडून, कधी अगदी लहान पोरीसारखी, आणि शेवटी लोक खुर्च्यांवर उभे राहिले. तिच्या सगळ्या कारकिर्दीत इतक्या उंचीवर ती पुन्हा गेली नाही असं जाणकार सांगतात. आणि तो ओरडणारा माणूस म्हणजे फहमी, शुब्राच्या ट्रामचा तिकीट तपासनीस, शवकतचा बाप. निदान बाबांचं म्हणणं तसं होतं.

"हे बघा हाज्जा, सणासुदीच्या ताटावर मला बोलायला लावू नका," लबीबकाका म्हणाले. "ती आरोळी माझ्या नजीबमामाची. अख्ख्या शुब्राला ठाऊक आहे."

"तुझा नजीबमामा त्या रात्री तंता गावी होता, पोट धरून. तुझ्या आईनंच सांगितलंय मला."

"आई सावत्र बहीण होती त्याची, ती काहीही सांगायची!"

सुहैर हसली. लबीबकाका हसले. शवकतलाही एरवी हसू आलं असतं, कारण हे भांडण त्यानं पाळण्यापासून ऐकलेलं होतं. पण आईनं आपलं ताट हळूच पुढे सरकवलं होतं, अर्धं भरलेलं. सगळी मैफल अजून चालूच होती. ती स्वच्छ बाई त्या स्वच्छ शांततेत तीच ओळ पुन्हापुन्हा म्हणत होती, कुणी न मागता, कुणासाठीच नाही. शवकत उठला आणि त्यानं स्पीकर बंद केला. बंद करताना त्याची नजर बाबांच्या फोटोकडे गेली, म्हणजे जायला नको म्हणून त्यानं मान वळवली तरी गेली.

त्या एका आरोळीला कैरोत किती बाप होते याची मोजदाद नव्हती. शवकतच्या वर्गात असे बाप होते, न्हाव्याच्या दुकानात होते, गल्लीच्या तोंडाशी फूल विकणारा म्हातारा तर तो आवाज आपला असं शपथेवर सांगे आणि ऐन तारुण्यात आपण असे ओरडायचो म्हणून बायकांना फुकट चमेली देई. प्रत्येक घरात एक मेलेला किंवा जिवंत पुरुष होता, ज्याच्यासाठी सित्त अदीला हसली होती. बाबा त्यांतलेच. रेडिओवर मैफल लागली की ते बनियनवर असले तरी सदरा चढवायचे. ती ओळ जवळ आली की उजव्या हाताचं बोट वर. "आता! आता ऐका!" आणि आरोळी आली की डोळे मिटून मान हलवायची, जणू काही ती आत्ताच तोंडातून सुटली. पाहुण्यांनी आग्रह केला की गॅलरीत उभं राहून ती करून दाखवायची. लग्नात करून दाखवायची. शवकतच्या शाळेच्या वार्षिक समारंभातसुद्धा, कुणी विचारलेलं नसताना, मागच्या रांगेतून. तेव्हा शवकतला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. गणिताच्या मास्तरांनी मागे वळून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "आणखी एक आला वाटतं." त्या हसणाऱ्या वर्गात त्याच्या मनाशी जे पक्कं झालं ते पक्कं झालं. बाप थापाड्या आहे. चांगला आहे, गरीब आहे, ट्राममध्ये म्हाताऱ्या बायकांना बिनतिकिटाचं सोडून देतो, पण थापाड्या आहे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बाबांना तर कधीच नाही. आवाज ऐकू येत असेल तिथून तो उठून जाऊ लागला, एवढंच. आणि पुढे आवाज स्वच्छ करणं हाच त्याचा धंदा झाला, यात काही संबंध असेल असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. आज आलं, आणि त्यानं ते घाईघाईनं झटकून टाकलं.

पण एक गोष्ट झटकता येईना. ती आरोळी काढून टाकली तो क्षण त्याला आठवत होता. सकाळची वेळ, कॉफीचा पेला डाव्या हाताशी. पडद्यावर आवाज रंगांत दिसतो. गाणं निळं-जांभळं, आणि त्याच्यामधून एकदम वर उसळलेला एक भगभगीत पिवळा पट्टा. त्याच्याभोवती त्यानं चौकट ओढली आणि तो उचलला, दुधातली माशी काढावी तसा. मग कॉफीचा घोट. बाबांची आठवण आली का? नाही. गॅलरी, बोट, सदरा? काही नाही. बापाचा असो की नजीबमामाचा, सगळं आयुष्य ज्या आवाजावर घरात भांडणं झाली, तो आवाज समोर उभा राहिला आणि त्याच्या मुलाच्या मनात आलं ते एवढंच, की इथे पट्टा जरा जाड आहे, हळू काढायला हवा. हे कसं शक्य आहे, असं शवकत स्वतःला विचारत होता. माणूस इतका बहिरा कसा असतो? आणि त्या बहिरेपणाला बक्षीस मिळालं होतं, फोटोशेजारी चमकत होतं.

स्वयंपाकघरात सुहैर चहात पुदिना टाकत होती. "तू खरंच पुसून टाकलंस?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं आईसाठी निराळी प्रत ठेवली असशील. अरे, तिच्यापाशी तेवढंच होतं. फोटो आहेत ढीगभर. आवाज कुठे आहे बाबांचा? रेडिओवर ती मैफल लागणार असली की ती आजही डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधते, माहितीय तुला? आतल्या खोलीत, आरशापुढे."

"पण तो आवाज बाबांचा कशावरून?"

"मला काय विचारतोस? इंजिनियर तू. तू सांग."

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. धक्क्यानं माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी. जुन्या कॅसेटींवर, फोनवर फिरणाऱ्या प्रतींवर ती आरोळी होती, पण कशी? गाण्यात कालवलेली, शंभर वेळा उतरवून घेतलेली, भाताच्या पेजेसारखी. त्यातून कुणाचाही बाप निघाला असता. मूळ फितीवरून उतरवलेली स्वच्छ प्रत फक्त त्याच्यापाशी होती, आणि गाण्यातून जे जे काढलं तेही सगळं त्यानं निराळं ठेवलं होतं, सवयीनं, कचऱ्याच्या नावाखाली. म्हणजे गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच कुणाला तरी सांगता येणार होतं. त्याला सांगता येणार होतं. बाप थापाड्या होता की नव्हता. त्यानं आपल्या हातानं पुसला तो बाप होता की कुणी ऐरागैरा. हे कळलं तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. बाहेर येऊन त्यानं आईला सांगितलं, "उद्या आणतो बाबांना." आई "हं" म्हणाली आणि बदकाचे उरलेले तुकडे डब्यात भरू लागली, त्याला घरी न्यायला.

शनिवारी सकाळी तो स्टुडिओत एकटाच होता. हेडफोन डोक्याला लावून तो बसला. मग त्यानं तो कचरा लावला. आणि लगेच उठून उभा राहिला. गाणं नव्हतं. सित्त अदीला नव्हती, वाद्यं नव्हती, आणि तरीसुद्धा मैफल चालू होती. त्या काळोख्या नाट्यगृहात माणसं बसलेली होती. पंखे फिरत होते. कुणीतरी भाजलेल्या बिया दाताखाली फोडत होतं आणि बायकोनं बहुतेक कोपर मारलं, कारण ते एकदम थांबलं. खुर्ची करकरली. कुणी नाक शिंकरलं. एक बाई स्वतःशीच "हाय, हाय" म्हणाली, इतकी जवळ, की शवकतनं दचकून मागे पाहिलं. ही सगळी माणसं तो वर्षभर वेचून फेकत होता आणि ती इथे साठून राहिली होती, त्याच क्षणात, श्वास रोखून, अजून काही घडायचं होतं अशी. त्यांच्यांत कुठेतरी बाबा होते. तरुण, त्याच्या आजच्या वयापेक्षा कितीतरी तरुण, सदरा घातलेले. ओळ संपायची जागा पडद्यावर सरकत सरकत जवळ आली, आणि नकळत त्याच्या उजव्या हाताचं बोट वर झालं.

"अल्लाह! पुन्हा, सित्त, पुन्हा!"

बाबा नव्हते. पहिल्या शब्दालाच कळलं. भरदार, रेताड आवाज, आणि त्यात दक्षिणेकडच्या सईदी माणसाचा हेल, अस्वान-लक्सरकडचा, शेतात उभ्या माणसाला हाक घालायची सवय असलेला. बाबांचा सगळा जन्म शुब्रात गेला, त्यांचा आवाज बारीक आणि नाकातून येणारा. शंकेला जागाच नव्हती. शवकत खाली बसला. सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. आपण बापाला पुसलं नाही, पुसला तो कुणी परका सईदी. पण छातीत भलतंच काहीतरी झालं. म्हणजे खरंच थापाड्याच होता तो! पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला, ज्याला हे शाळेपासून ठाऊक होतं, पुरावा मिळाल्यावर असा घाव का बसावा? पण बसला. इतकी वर्षं मनाच्या तळाशी, त्याला न विचारता, कुणीतरी बापाची बाजू घेऊन बसलं होतं. ते आज उघडं पडलं. आणि आईला आता काय सांगायचं? ती आरशापुढे उभी राहून रुमाल बांधते तो या परक्या गड्यासाठी? त्याला रडू आलं, राग आला, बाबांचाच राग आला. त्यानं रागारागानं ती जागा परत लावली. मग आवाज वाढवून परत. आणि तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यानं ते मधेच थांबवलं.

मागे कुणीतरी होतं. सईदी माणसाच्या आरोळीच्या आड, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, दुसरा एक आवाज. गाण्यात तो कधीच ऐकू आला नसता. कॅसेटीत, रेडिओत, कुठेच नाही. पहिल्या आरोळीनं तो पुरता झाकला होता. शवकतनं पहिला आवाज बाजूला काढला. चौकट ओढताना या वेळी तो दोनदा चुकला. मग उरलं ते त्यानं लावलं. बारीक, नाकातून येणारा, आनंदानं फाटलेला आवाज. "अल्लाह! पुन्हा, सित्त, पु" आणि तिथेच तुटलेला. कारण तोवर ती हसली होती.

"बाबा," शवकत म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. बंद खोलीत त्याचा त्यालाच तो आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला.

ते ओरडले होते. खोटं बोलले नव्हते. त्याच क्षणी, तेच शब्द, फक्त जरासे मागून. आणि मागून होतो हे त्यांना कुठून कळणार? माणसाला आपल्या कवटीत आपलाच आवाज सगळ्यांत मोठा ऐकू येतो, हे शवकतहून जास्त कोण जाणत होतं! ते ओरडले, आणि शब्द पुरा व्हायच्या आत समोर ती बाई गायची थांबली आणि हसली. दुसरं काय समजणार माणूस? त्यांच्या जागी तो स्वतः असता तर त्यानंही जन्मभर बोट वर केलं असतं. तिकीट तपासनिसाच्या आयुष्यात एवढं एकच सोनं पडलं, आणि ते शेजारच्याच्या ओंजळीतलं होतं. बाप खोटा नव्हता आणि बापाचं म्हणणं खरं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात मावेनात.

त्यानंतर त्यानं जे केलं ते विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. त्याच्या बोटांनी केलं. सईदी माणसाला त्यानं अगदी बारीक केलं, मग पुरतं विझवलं. बाबांच्या आवाजाला धरून अर्धा श्वास पुढे सरकवलं. फुगवलं. तुटलेला "पुन्हा" त्यानं त्यांच्याच आधीच्या "पुन्हा"तून पुरा करून जोडला. मग गाणं खाली घातलं आणि लावून बघितलं. ओळ संपली. फहमी ओरडला, स्वच्छ, ऐन वेळेवर, सगळ्या नाट्यगृहात एकटा. आणि सित्त अदीला फहमीला हसली. किती सोपं होतं! जगातला कुठलाही पंच, कुठलाही जाणकार यात खोट काढू शकला नसता, आणि हे आपण करू शकतो याचाच शवकतला इतका हादरा बसला की तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर टॅक्सीवाले एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते. चांगलं वाटलं त्याला ते ऐकून. मग त्यानं ती प्रत फोनवर घेतली आणि शुब्राला निघाला.

आई सोफ्यावर बसली होती, डोक्याला रुमाल नीट बांधलेला. म्हणजे तयारी होती. त्यानं फोन स्पीकरला जोडला आणि तिच्याशेजारी बसला. ओळ आली. आईनं हनुवटी वर केली. बाबा ओरडले. ती हसली, आणि पुन्हा गाऊ लागली.

आईच्या कपाळाला आठी पडली. "हे काय?" ती म्हणाली. "आणि तो दुसरा कुठे गेला?"

"कोण दुसरा?" शवकतनं विचारलं.

"तो पुढचा. रेड्यासारखा आवाज होता बघ त्याचा. आधी तो ओरडतो आणि मागून हे. नेहमी तसंच असतं." ती त्याच्याकडे वळली. "ह्यांना पुढे कशाला आणलंस?"

इतकी वर्षं. गॅलरीतलं बोट, लग्नातली ती आरोळी, पाहुणे, लबीबकाकांशी भांडणं, नजीबमामाचं पोट! "तुला ऐकू येत होतं?" शवकत म्हणाला. "मला यंत्र लावून ऐकू येईना, आणि तुला...?"

"नवरा होता तो माझा. मी त्या रात्री इथेच होते, रेडिओला कान लावून. सुहैर पोटात होती म्हणून गेले नाही. तो मेला ओरडला आणि मागून आमचे आले, गाडी सुटल्यावर. मला तर हसूच फुटलं." आताही ती हसली, जराशी. "पहाटे आले ते नाचतच. जिन्यापासून हाका मारत. 'बहिगा, ऐकलंस? ऐकलंस का? माझ्यासाठी गायली ती!' त्या तोंडाकडे बघून काय सांगणार होते मी? ऐकलं म्हटलं. ऐकलंच होतं."

"मग काल मला..."

"काल काय? काल ते नव्हतेच. त्यांचं ते मागचं, तेवढंच तर मी ऐकत असते. पुढच्याशी मला काय करायचंय?" तिनं थोडा विचार केला. "पण त्यालाही आण परत. तोही कुणाच्या तरी घरचा असेल. जसे होते तसे ठेव दोघांना. रेडिओवाल्यांनाही तसंच दे."

"बक्षीस परत करावं लागेल."

"कर. सुहैर कुणाला हात तरी कुठे लावू देते त्याला."

शवकतनं मान हलवली. त्याला वाटत होतं आपण या घरात लहानाचे मोठे झालो आणि इथे दोन माणसं होती हे आपल्याला आज कळलं. आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि ती त्याच्या कानाशी वाकली.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही हं."

"नाही सांगत," शवकत म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपणही आवाज अगदी खाली आणून बोललो, आत कुणी झोपलेलं असावं तसे.